हौसामावशींची मानाची वही

नाव आधी घेते, मग काय झालं ते सांगते.

हौसाबाई. पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या बोळात त्यांचं हारांचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक फळी, दोन पाट आणि ओल्या गोणपाटाखाली झाकलेली फुलं. त्या फळीवर बसून त्या लोकांची लग्नं पार पाडायच्या. आज देगलूरला मी चार माणसं हाताखाली घेऊन लग्नाची कामं घेते, पोरं मला मॅडम म्हणतात, ते सगळं ह्या एका बाईमुळं. हे आधीच लिहून टाकते, कारण त्या दुपारचं लिहायला बसले की बाकी सगळं राहून जातं. मांडवात कोणी माईक हातात घेऊन 'हॅलो, हॅलो' केलं की आजही मी धावत जाऊन त्याच्या हातातली यादी बघून येते. माझीच माणसं हसतात. त्यांना काय माहीत.

शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमारास आम्ही नाशकात आलो. नवऱ्याला एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कंत्राटाचं काम मिळालं होतं आणि गावच्या एका ओळखीनं पंचवटीत खोली. देगलूर कुठं, नाशिक कुठं! मला तर परमुलखात आल्यासारखं वाटायचं. मी तोंड उघडलं की बायका तोंडाला पदर लावायच्या. "पाव्हणे येऊलालेत" म्हटलं की नळावर हसू. मग मी बोलणंच सोडलं. वर्षभरात नवऱ्याचं कंत्राट सुटलं, तो मिळेल ते काम धरायला लागला, आणि मी हौसामावशींच्या फळीपुढं जाऊन उभी राहिले. हार ओवायला बाई पाहिजे असं ऐकलं होतं.

"शाळा किती?" त्यांनी सुईवरची नजर न काढता विचारलं.

"सातवी. पूर्ण नाही झाली." मी मान खाली घातली.

"सातवी?" सुई थांबली. "अगं मग तू हार कशाला ओवतीस? तू तर मास्तरीण!"

शेजारची भाजीवाली खो खो हसली. मला वाटलं, माझी टिंगल चालली आहे, आणि डोळ्यांत पाणीच आलं. पण मावशी हसत नव्हत्या. त्यांनी फळीखालून एक ट्रंक ओढली. आत शाळेच्या वह्या होत्या, तपकिरी कागदाची कव्हरं घातलेल्या, तीस-चाळीस तरी, आतली अक्षरं निरनिराळ्या हातांची. प्रत्येक वहीच्या कव्हरावर काहीतरी खूण: एकीवर द्राक्षाचा घड काढलेला, एकीवर बैल, एकीवर विहीर.

"ह्या मानाच्या वह्या," त्या म्हणाल्या. "एका घराला एक. आजपासून ह्या तुझ्याकडं. वाचायच्या, लिहायच्या. माझा चष्म्याचा नंबर काय जमत नाय बघ."

चष्मा त्यांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यानं लटकलेला असायचा. डोळ्यांवर मी तो फार कमी वेळा पाहिला.

मानाची वही म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगायला हवं. वणी-दिंडोरीकडच्या लग्नात मुहूर्ताआधी स्टेजवर नावं पुकारून सोयऱ्यांचा सत्कार करतात. कुणाला फेटा, कुणाला टोपी-उपरणं, कुणाला शाल-नारळ. कुणाचं नाव आधी, कुणाचं मागून, कोण कुणाच्या शेजारी बसणार नाही, कुणाच्या मामानं मागच्या लग्नात ताट ढकललं होतं, हे सगळं त्या वह्यांत. एक नाव राहिलं तर तीन पिढ्यांचा अबोला. मावशी म्हणायच्या, "पोटाची भूक वरणभातानं जाती. मानाची भूक नाव घेतल्याबिगर जात नाय."

त्या मूळच्या मखमलाबादकडच्या, माळ्याच्या घरातल्या. नवरा ऐन तारुण्यात गेला. मळ्यातली फुलं डोक्यावर घेऊन लग्नघरी पोचवायच्या आणि तिथला गोंधळ बघत उभ्या राहायच्या: आचाऱ्याला डाव सापडत नाही, भटजींना पाणी मिळत नाही, नवरदेव मारुतीच्या पारावर जाऊन बसलाय आणि बँडवाले चहाला गेलेत. "हार द्यायला गेले न् मांडव सावरून आले," असं त्या स्वतःच्या धंद्याची सुरुवात सांगायच्या. मग लोक हारांबरोबर त्यांनाही बोलवू लागले. कुणीतरी एकदा विचारलं, मावशी, लग्नंच का करता? तर म्हणाल्या, "नावच हौसा. मग काय लोकांचं तेरावं करू?"

बाई उंच, काळीसावळी, पुढचा एक दात नाही. लग्नात कायम मातकट हिरवं लुगडं. "नवरीच्या पदरापुढं कोणाचा पदर चमकला नाय पाहिजे, आपला तर नायच नाय." मांडवात शिरताना चप्पल बाहेर काढायच्या, देवळात जावं तशा. आणि शेवटचा वाढपी जेवून उठल्याशिवाय पाण्याच्या घोटापलीकडं काही तोंडात घालायच्या नाहीत. आणखी एक. फुलं बांधून झाली, चौरंग मांडला गेला की त्या स्टेजवरून उतरायच्या आणि थेट आचाऱ्याकडं जायच्या. मंगलाष्टकं त्यांनी कायम चुलीपाशी उभं राहून ऐकली. मी एकदा विचारलं, तर कपाळाकडं बोट दाखवून म्हणाल्या, "ह्या कपाळाला लांबून ऐकू येतं." आणि भाताच्या पातेल्याचं झाकण उचललं. विषय संपला.

मला त्यांनी काय काय शिकवलं! लग्नघरात 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. काच फुटली तरी तोंडातून 'फुटली' काढायचं नाही. पाहुण्याला 'थांबा' न म्हणता 'बसा' म्हणायचं. माझ्या बोलीला मात्र त्यांनी हात लावला नाही. मी मुकी झालेय हे त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणाल्या, "तुझं 'येऊलालेत' राहू दे. गोड लागतं कानाला. फक्त आवाज जरासा खाली घे. लग्नात वरच्या पट्टीत बोलायचा मान वाजंत्र्याचा."

आणि वही रोज वाचून दाखवायची, मोठ्यानं. "तू वाच, मी ऐकते. कानाला चूक लवकर सापडती." मी वाचायचे, त्या हार ओवत ऐकायच्या आणि मधेच सुई वर करायच्या: "थांब. त्याच्या आधी सटाण्याचा साडू. मागं-पुढं झालंय." जुनी यादी उघडून बघितली तर उतरवताना माझ्याकडून खरंच मागं-पुढं झालेलं असायचं.

माणसं सांभाळायची त्यांची रीत वेगळीच. एकदा नाशिकरोडला एका लग्नात विहीणबाई पंगतीतून उठल्या. कारण काय, तर त्यांच्या ताटाभोवती रांगोळी काढली होती, पण तिच्यावर फुलं ठेवली नव्हती. मुलीची आई रडायला आलेली. मी परडी घेऊन धावले, तर मावशींनी माझा हात धरला. "फुलं आता नको. आता टाकलीस तर तिला भीक वाटंल." त्या विहीणबाईंच्या खोलीत गेल्या, शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसल्या आणि विचारलं, "ताई, तुमचं लगीन कुठं झालं हो?" झालं. पाऊण तास त्या बाई स्वतःच्या लग्नाचं सांगत होत्या, बैलगाडीचं चाक कसं निखळलं इथपासून. शेवटी हसत हसत बाहेर आल्या आणि फुलं नसलेल्या ताटावर जेवायला बसल्या. परत येताना मावशी म्हणाल्या, "सोयरा रुसला तर नारळ द्यावा. विहीण रुसली तर वेळ द्यावा."

मी ऐकत राहायचे. हळूहळू मला वाटू लागलं की मलाही आता जमतंय. तिथंच चुकलं.

ते लग्न वणीकडच्या एका बागायतदाराच्या घरचं, ज्यांच्या वहीवर द्राक्षाचा घड काढलेला होता. मुलीच्या वडलांना सगळे तात्या म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न मावशींनीच पार पाडलं होतं. ह्या खेपेला पेठ रोडवरचं नवीन लॉन घेतलं होतं, हजारभर माणूस येणार होतं. मावशी मला म्हणाल्या, "शोभे, ह्या घरची यादी तू एकटीनं कर. जुन्यावरनं उतरव. वरपक्षाची आली तशी घाल. पण तात्यांच्या घरी जाऊन विचारून घे, दोन वर्षांत कोण आलं, कोण गेलं. त्याबिगर वही बंद करू नको."

मी गेले. घरात वणीच्या देवीची ओटी भरून माणसं नुकतीच परतली होती. प्रसाद वाटणं चाललं होतं, बायका जात्यावर हळद दळत गाणी म्हणत होत्या, नवरी मुलगी मेंदीचे हात वर धरून हसत होती. तात्या मला म्हणाले, "बोला बाई, काय पाहिजे?"

ज्या बाईनं मला लग्नघरात 'फुटली' म्हणायचं नाही असं शिकवलं, तिनंच मला त्या घरात 'कोण मेलं' हे विचारायला पाठवलं होतं. कसं विचारू? कोणत्या शब्दांत? माझ्या तोंडून अभद्र निघालं, उद्या काही कमीजास्त झालं, तर 'ती नांदेडकडची पांढऱ्या पायाची' म्हणून नाव होईल, काम जाईल, आणि काम गेलं की गाठोडं बांधून देगलूरची एसटी. कंत्राट सुटल्यापासून घर माझ्यावरच चाललं होतं. मी म्हटलं, "काही नाही तात्या. सगळं ठीक आहे ना, एवढंच बघायला आले होते." त्यांनी मला प्रसाद दिला. मी तो खाऊन आले.

परतले तेव्हा मावशी घाईत होत्या. वाऱ्यानं लॉनवरचा कापडी मांडव एका बाजूनं उतरवला होता, त्या निघाल्या होत्या. रोजचं वाचन होणार नव्हतं. रिक्षात एक पाय ठेवून त्यांनी विचारलं, "विचारलंस ना?"

"हो," मी म्हटलं.

एवढा एकच शब्द मी त्यांच्याशी खोटा बोलले आहे.

दुसऱ्या दिवशी मांडव भरला. मुहूर्ताला तास होता. निवेदनाला एका शाळेतले सर आणले होते, आवाज भारदस्त, पण दुसऱ्या तालुक्यातले. मी वही उघडून त्यांच्या हातात दिली आणि स्टेजच्या पायरीशी उभी राहिले. त्यांच्याकडची रीत अशी की दोन्ही घरच्या थोरल्यांचा मान आधी. नवरदेवाचे आजोबा आले, फेटा झाला, टाळ्या झाल्या.

"यानंतर वधूचे थोरले चुलते, आदरणीय दादा, यांना मी विनंती करतो, त्यांनी व्यासपीठावर यावं."

कोणी उठलं नाही.

"दादा जिथं असतील तिथून त्यांनी लवकर यावं. मुहूर्त जवळ येत आहे."

पहिल्या रांगेतल्या माणसांनी माना खाली घातल्या. एकेक रांग गप्प होत गेली, वारं पडावं तशी. मला अजून काही कळत नव्हतं. मी त्या गर्दीत दादांना शोधत होते. मागच्या लग्नात पाहिलेला, पांढऱ्या मिशांचा, मला "जेवलीस का गं?" विचारणारा माणूस मी शोधत होते.

"दादा मांडवात आहेत का? दादा?"

मागच्या खोलीत पेल्यांचं तबक पडलं. त्या खोलीत मोठ्या काकू होत्या, दादांच्या बायको. मी वळून बघितलं. त्या दारात उभ्या होत्या आणि त्यांचं कपाळ मोकळं होतं.

तेव्हा मला कळलं. मी शोधत होते ते दादा आता कुठंच सापडणार नव्हते.

दादांचा मुलगा विलास स्टेजवर चढला. त्यानं सरांच्या हातातली वही हिसकावली. "कोणी लिहिलं हे? आठ महिने झाले माझ्या बापाला जाऊन! थट्टा लावलीय का आमची?"

सरांनी घाबरून माझ्याकडं बोट केलं. "ह्या बाईंनी दिली वही."

हजार माणसांनी माझ्याकडं बघितलं.

आणि चुलीकडून हौसामावशी आल्या. अनवाणी, मनगटापर्यंत पीठ. चौरंग मांडलेल्या स्टेजवर मी त्यांना कधी चढलेलं बघितलं नव्हतं. त्या दिवशी त्या पायऱ्या चढल्या आणि विलासच्या हातातली वही अगदी हलकेच काढून घेतली, झोपलेल्या आईच्या कुशीतून तान्हं उचलावं तशी.

"विलासराव, वही माझी हाय. नाव मी घातलंय."

"मेलेल्या माणसाचं?"

"माणूस जातो, बाबा. मान कुठं जातो?" मग त्या माईककडं वळल्या. "मंडळी, दादा गेले हे तुम्हाला ठाऊक, मला बी ठाऊक. ह्या घरचं पहिलं कार्य मी केलं तेव्हा पहिला फेटा दादांच्या डोक्याला बांधला होता. आज तो मान कोणाला द्यायचा? तात्यांना विचारा, ते घेतील का बांधून. दादांचा मान दादांच्या घरातच हाय. मोठ्या काकूंनी यावं आणि घ्यावा."

मांडवातून एक कुजबुज उठली. नवरदेवाचे मामा, धिप्पाड माणूस, उभेच राहिले. "ओ बाई! मुहूर्ताच्या तोंडावर मोकळ्या कपाळाची बाई चौरंगापाशी? आमच्या पोराचं लगीन हाय हे!"

"माझं कपाळ बी तसंच हाय, मामासाहेब," मावशी म्हणाल्या, आवाज तोच, खालच्या पट्टीतला. "तुमच्या नवरदेवाच्या मुंडावळ्या सकाळी ह्याच हातांनी ओवल्या. त्यानंतर त्याला काय झालं? दोनदा नाष्टा केला पठ्ठ्यानं."

कुठून तरी एक हसू फुटलं. मामा हसले नाहीत. पण तेवढ्यात तात्या उठले. भर मांडवातून, लग्नाच्या बापाचं उपरणं सावरत, ते मागच्या खोलीपर्यंत गेले. "वहिनी, चला," एवढंच बोलले. त्या मान हलवत होत्या, नको नको म्हणत होत्या. तात्यांनी त्यांचा हात धरला. मला वाटलं आता वरपक्ष उठून जाईल. कोणी उठलं नाही. स्टेजवर तात्यांनी वहिनींच्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला आणि पाया पडले. काकूंनी नारळ कपाळाला लावला. विलास फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसत उभा होता.

वाटलं, सुटलो. तर मामासाहेब अजून उभेच. "बरं झालं. आता पुढची नावं तुम्हीच वाचा, बाई. तुम्हीच लिहिलीत ना? ह्या सरांचा काय भरवसा नाय. आमच्यातलं एक नाव राहिलं किंवा मागं-पुढं झालं तर बघतो."

मावशींनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. वही उघडली. मी एव्हाना पायऱ्या चढून त्यांच्या शेजारी आले होते, का कोण जाणे. पळून जायचं सोडून वर गेले.

त्या वाचू लागल्या. "वराचे मामा, स्वतः मामासाहेब, यांनी यावं." पहिलं नाव त्यांचंच. मग वराचे चुलते, गावासकट. आत्याचे यजमान. मग वधूचे मामा, सटाण्याचे साडू, ज्यांना एका रांगेत बसवायचं नाही असे दोन भाऊ, मधे तीन नावं टाकून. एकेक माणूस येत होता, फेटा बांधून घेत होता, उतरत होता.

मी वहीत बघितलं.

उघडलेल्या पानावर माझ्या अक्षरात लिहिलं होतं: तूरडाळ. रवा. बेसन. गोडेतेल. काजू तुकडा. ते पान आचाऱ्याच्या किराणाचं होतं. नावांची यादी पाच पानं पुढं होती.

मावशी बोटानं 'रवा' धरून "पिंपळगावचे व्याही" म्हणत होत्या.

त्यांनी चाळीसेक नावं वाचली. एक राहिलं नाही, एक मागं-पुढं झालं नाही. वरपक्षाची यादी तर मी त्यांना आठ दिवसांपूर्वी एकदा, फक्त एकदा, हार ओवताना वाचून दाखवली होती. मधेच 'काजू तुकडा'च्या खाली पान संपलं, तेव्हा त्यांनी शांतपणे पान उलटलं. पलीकडचं पान कोरं होतं. त्या कोऱ्या पानावरून त्यांनी उरलेली सगळी नावं वाचली.

दादांच्या नावानं बसला तो धक्का मोठा की हा, मला आजही सांगता येत नाही. पहिल्यानं मी हादरले होते. दुसऱ्यानं नुसती बघत राहिले. तपकिरी कव्हरांवरचे द्राक्षाचे घड, बैल, विहिरी, गळ्यातला चष्मा, 'तू वाच, मी ऐकते', सगळं त्या एका कोऱ्या पानावर माझ्यासमोर उघडं पडलं.

लग्न लागलं. मंगलाष्टकांना मी बघितलं, मावशी परत चुलीपाशी होत्या.

शेवटची पंगत उठल्यावर पाण्याच्या टाकीपाशी त्या हात धूत होत्या. मी जाऊन पाया पडायला वाकले, तर म्हणाल्या, "आधी सांग. विचारलं नव्हतंस ना?"

"नाही."

"का गं?"

"लग्नघरात मेलेल्या माणसाचं कसं विचारू, मावशी? तुम्हीच सांगितलंय ना, अभद्र बोलायचं नाही."

त्यांनी मनगटावर वाळलेलं पीठ नखानं खरवडून काढलं. मला वाटलं, आता म्हणतील, उद्यापासून येऊ नको. म्हणाल्या, "हे मी शिकवायचं राहिलं. माझीच चूक. असं विचारायचं, 'यंदा कोणाचा मान कोणाकडं आला?' कोण गेलं ते आपोआप कळतं, आणि गेलेला माणूस गेल्यासारखा वाटत नाय." मग माझ्याकडं बघून, "पण खोटं 'हो' म्हणलीस, ते तुझं. ते परत नको."

मी रडत होते. रडता रडता तोंडातून निघून गेलं, "मावशी, ते पान किराणाचं होतं."

त्यांचे हात थांबले. आजूबाजूला कोणी नाही ना ते बघितलं. आणि चिडून म्हणाल्या, "मग शेजारी उभी राहून काय करत होतीस? खुणवायचं नाय का? कोणी डोकावलं असतं म्हणजे?"

मी रडायचं विसरले. त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या.

पुढं मी कितीदा म्हटलं, मी तुम्हाला अक्षरं शिकवते, महिनाभरात येतील. ऐकायच्या नाहीत. "आता अक्षरं आत घेतली तर नावं बाहेर पडतील. डोक्यात जागा किती असती?" ते गुपित मी नाशकात असेतोवर कोणाला सांगितलं नाही. आज लिहिते आहे, कारण त्यात लाज वाटावी असं काही नाही हे त्यांना कळलं नसलं तरी मला कळलंय.

त्या दिवसाचं मोल मात्र त्यांनी दिलं. मामासाहेबांनी गावोगाव सांगितलं की ही बाई मुहूर्तावर विधवा नाचवते. त्या उन्हाळ्यात दोन घरांनी कामं काढून घेतली. मावशींनी एकदाही म्हटलं नाही की चूक शोभाची होती. आणि पुढच्या वर्षी वणीकडून एक जण आला, फळीपुढं घुटमळला, म्हणाला, "मावशी, आमचे वडील गेले. ते तात्यांच्या घरी केलं तसं, आईचा मान यादीत घालता येईल का?" मावशींनी माझ्याकडं बघितलं. "लिही," म्हणाल्या. मी लिहिलं. माझ्या चुकीतून एक रीत निघाली, असं म्हणायला माझं मन अजून धजत नाही. चूक माझी होती. रीत त्यांची.

काही वर्षांनी सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि आम्ही देगलूरला परतलो. नंतर एकदाच गेले नाशकाला, वणीचा नवस फेडायला. तोपर्यंत लॉनच लॉन झाली होती. मावशी गंगापूर रोडला एका लग्नात सापडल्या. फाटकाशी उभ्या होत्या, अनवाणी, तेच मातकट हिरवं लुगडं, पाठीत वाकलेल्या. शेजारी कोटातला एक तरुण, हातात बोलायचं यंत्र. तो आता मालक होता आणि ह्या त्याच्याकडं कामाला.

"आजी, तसं नाही, आपला कन्सेप्ट काय आहे..." तो समजावत होता.

"माझा कन्सेप्ट एकच हाय, बाळा. पंगतीतल्या शेवटच्या माणसानं गरम भात खाऊन उठलं पाहिजे. आता लिही. वराचे आजोबा. मग आत्याचे यजमान. मग..." तो मुकाट्यानं लिहून घेऊ लागला. मी पाया पडले. त्यांनी ओळखलं, गालावरून हात फिरवला, म्हणाल्या, "जेवून जा हं," आणि पुढचं नाव सांगायला वळल्या. मी फाटकातून मागं बघितलं तेव्हा आत सनई सुरू झाली होती आणि त्या काठाकाठानं चुलीकडं निघाल्या होत्या.

एसटीत बसल्यावर माझ्या ध्यानात आलं. इतकी वर्षं मी त्या वह्या वाचल्या, लिहिल्या, उतरवल्या. हजारो नावं. त्यांत एकाही यादीत हौसाबाईंचं नाव नव्हतं.

माझी मुलगी आता अकरावीत आहे. तिचं लग्न होईल तेव्हा होईल, घाई नाही. पण तिच्या मानाची वही मी आजच घालून ठेवली आहे आणि तिच्यात पहिल्या ओळीवर एकच नाव लिहिलंय. मावशी, तुम्ही असाल तर मी चुलीपाशी येऊन हाताला धरून तुम्हाला चौरंगापाशी आणीन, मामासाहेबांसारखे दहा उभे राहिले तरी. आणि नसाल, तरी नाव वाचलं जाईल. माईक माझ्या हातात असेल. तीनदा पुकारीन.